विचारून कापणारा मेल्विन

मेल्विन आफ्रिकेतून परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कुंपणापाशी येऊन उभा राहिला. हातात आईने दिलेली वाटी होती, म्हणजे कढीपत्ता न्यायला आला होता हे उघड होतं. झाडाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "काकू, हे कोणाचं?"

मला वाटलं, पोराला ऊन लागलं. आमच्या त्या कढीपत्त्याला हा चालायला लागला तेव्हापासून ओरबाडत आलाय. फांदी मोडू नको म्हणून मी ओरडायचे आणि हा फांदीसकट पळायचा.

"माझंच आहे. आणखी कोणाचं असणार?"

"तसं नाही. कोणाच्या नावाने लावलेलं वगैरे?"

"कढीपत्ता कोण कोणाच्या नावाने लावतं रे?"

"मग घेऊ ना?"

त्याने अगदी दोन काड्या तोडल्या, वाटीत ठेवल्या आणि गेला. तो दिवसभर मला चैन पडलं नाही. दुपारी त्याच्या आईला, अ‍ॅग्नेसला, विचारलं तर ती म्हणाली, "घरात पण तेच चाललंय. परसातली कोथिंबीर खुडायच्या आधी विचारतो, कोणाची आहे. मी म्हटलं, पोपची आहे."

मला लोकांच्या घरात डोकावायची सवय आहे आणि ती मी लपवत नाही. माझं माहेर साताऱ्याकडचं. ऑफिसात ओळख झाली, लग्न झालं आणि राऊतांच्या घरात सून म्हणून मी वटार गावी आले. नोकरी केली, निवृत्त झाले, केस पांढरे झाले, तरी शेजारच्या इनासबाबांसाठी मी अजून राऊतांची नवी सूनच आहे. नव्या सुनेला प्रश्न विचारायची मुभा असते, तेवढा एक फायदा मी आयुष्यभर घेतला.

इनासबाबा म्हणजे मेल्विनचे आजोबा. ऐंशीच्या पुढचे, पाठीत थोडे वाकलेले, डोक्यावर लाल टोपी. ही टोपी पूर्वी इथल्या ख्रिस्ती बागायतदारांच्या डोक्यावर सर्रास असायची, आता गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. इनासबाबांची टोपी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्साच्या प्रार्थनेला बसल्यावर उतरायची, एरवी नाही. जेवतानाही नाही, डॉक्टरकडेही नाही. घरात ते त्यांच्या कुपारी बोलीत भरभर बोलत. माझ्याशी मात्र पुस्तकातल्यासारखं मराठी, आणि तेही मोजून मापून.

त्यांच्या वाडीत इंचभर जागा रिकामी नसते. केळी, केळींच्या मधून अळू, कडेने पानवेली, उरलेल्या कोपऱ्यात जाई. फक्त विहिरीच्या बाजूला चटईएवढी जागा कायम मोकळी. तिथे कधी कुदळ पडत नाही की बी पडत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी मी विचारलं होतं, इथे काही लावत का नाही. "राहू दे ती," एवढं उत्तर मिळालं. नव्या सुनेला प्रश्न विचारता येतात, उत्तराचा हट्ट धरता येत नाही.

मेल्विनला वाडी शिकवली ती ह्या आजोबांनी. त्याचे वडील सातिवलीच्या एका गाळ्यात सुपरवायझर; ते वाडीत पाय ठेवतात तो फोनला रेंज मिळावी म्हणून. त्यामुळे इनासबाबांनी मुलाला सोडलं आणि नातवाला धरलं. केळीच्या बुंध्याभोवती पिल्लं फुटतात, ती सगळी ठेवली तर एकीलाही धड घड येत नाही. "एक ठेव, बाकी काढ," हे आजोबांचं पालुपद. पोरगं चड्डीत होतं तेव्हापासून ते त्याच्या कानात आणि कोयता त्याच्या हातात.

परिणाम असा झाला की केळ दिसली की मेल्विनचा हात चालायचा. केळ कोणाची, कुठे, कशासाठी उभी आहे, ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं नसे. आमच्या पुतण्याच्या लग्नात मांडवाच्या दाराला केळीचे खांब बांधले होते. वरात दारात आली तेव्हा हा खांबाची वाळलेली सोपटं सोलत उभा होता. देवळाच्या सणाला तर त्याने कहर केला. आल्तारापाशी, म्हणजे वेदीपाशी, शोभेसाठी दोन केळी उभ्या केल्या होत्या. फादरांचं प्रवचन रंगात आलं होतं. पहिल्या बाकावरून मेल्विन शांतपणे उठला, खिशातून चाकू काढला, लोंबणारं एक पिवळं पान सफाईने कापलं आणि घडी घालून खिशात ठेवून परत जागेवर बसला. अ‍ॅग्नेस सांगते, तिने पुढचे दोन रविवार मागच्या बाकावर बसून काढले.

दिसायला उंच, किडकिडीत, कान मोठे. विनोद सांगायच्या आधी स्वतःच हसून घ्यायचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, वडिलांच्या गाळ्यात काही महिने काढले, आणि एक दिवस जाहीर केलं की मिशनऱ्यांच्या एका संस्थेबरोबर युगांडाला जातोय. फादर व्हायला नाही, साधा स्वयंसेवक म्हणून, दोन वर्षांसाठी.

माझ्या नणंदेने मला आधीच सावध केलं होतं, मिशन म्हणजे बाटवायला जातात. मनात एक आणि ओठांवर एक मला जमत नाही. मी सरळ विचारलं, "तू तिकडे जाऊन लोकांना ख्रिस्ती करणार का रे?"

तो आधी हसला, मग बोलला. "काकू, ते सगळे आधीच ख्रिस्ती आहेत. आपल्याकडे मिस्सा तासाभरात आटपते. तिकडे म्हणे दुपार होते, आणि मध्ये मध्ये नाचतात. मला कोण धर्म विचारतंय? शाळेचा पाण्याचा पंप बंद आहे, तो चालू करायचा. पोरांना गणित शिकवायचं."

"मग ते तर इथे पण करता येईल."

"हो ना," तो म्हणाला. "पण मला बघायचंय."

काय बघायचंय ते त्याने सांगितलं नाही, पण मला ते पटलं. मलाही सगळं बघायचं असतं.

इनासबाबांना काही पटलं नाही. निरोपाच्या मिस्साला फादरांनी मेल्विनच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला तेव्हा आजोबा देवळाबाहेर सायकलींपाशी उभे होते. गाडी निघेपर्यंत ते नातवाशी एक शब्द बोलले नाहीत. पण विमानतळावर सामान तपासणाऱ्या माणसाने बॅग उघडायला लावली तेव्हा कपड्यांच्या तळाशी गोणपाटात गुंडाळलेलं कोयत्याचं पातं निघालं. विमानाच्या पोटात जाणारी बॅग म्हणून त्याने ते जाऊ दिलं. ते आजोबांनी कधी आणि कसं ठेवलं, घरात कोणालाच पत्ता नव्हता.

तिकडून मेल्विनचे व्हिडिओ यायचे. अ‍ॅग्नेस ते आमच्या ओट्यावर बसून मला दाखवायची. लाल माती, पत्र्याची शाळा, आणि मागे नजर जाईल तिथे केळी. डोंगरउतारावर केळी, घरामागे केळी. जेवणात कच्ची केळी उकडून, वर शेंगदाण्याचं कालवण. मेल्विन पंप उघडून बसलेला असायचा आणि वाटेने जाणारा प्रत्येक माणूस थांबून त्याला काहीतरी म्हणायचा. पहिल्या आठवड्यात त्याला वाटलं, मदत हवी का विचारतायत. तो सगळ्यांना नको नको म्हणत राहिला. मग कळलं, ती त्यांची रामराम करायची रीत. काम करणारा माणूस दिसला की "जेबाले को" म्हणायचं. म्हणजे, तू काम करतोयस, तुझे आभार. त्याचं काम आपल्यासाठी असो वा नसो.

परत आल्यावर त्याने हे वटारमध्ये सुरू केलं. रस्ता झाडणाऱ्या महापालिकेच्या बायकांना थांबून आभार. नारळ उतरवणाऱ्याला खालून आभार. कोळीणबाय पाटी घेऊन दारात आली, तिला म्हणाला, "मावशी, उन्हातून आलात, आभार." ती अ‍ॅग्नेसकडे बघून म्हणाली, "पोराला पानी दे गो पयले." आणि वाडीत आजोबा पाण्याची पन्हळ साफ करत होते तिथे जाऊन म्हणाला, "जेबाले को, आजा." अर्थ सांगितला. इनासबाबांनी फावडं खाली ठेवलं.

"कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

उभ्या आयुष्यात त्यांना कामाबद्दल कोणी आभार म्हटलेलं नव्हतं. त्यांचा समज असा, की आभार मानतात ते पाहुण्याचे, नाहीतर मयताला आलेल्यांचे.

हे सगळं गमतीचं होतं, पण "हे कोणाचं?" हा प्रश्न गमतीचा नव्हता. तो विचारताना मेल्विनचा चेहरा बदलायचा. शेवटी एका दुपारी मी वालाच्या शेंगा घेऊन ओट्यावर बसले, त्याला समोर बसवलं, अर्ध्या शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या आणि म्हटलं, "आता सांग."

त्याने सांगितलं ते असं. तो तिकडे एका आजीबाईंच्या घरी राहायचा. आजीला त्यांच्या भाषेत जाजा म्हणतात, म्हणून गाव त्यांना जाजाच म्हणे. घरात जाजा, त्यांची सून आणि पाऊल टाकायला शिकणारी नात नाम्बी. मुलगा राजधानीत कामाला. जाजांनी मेल्विनला त्यांच्यातलं एक नाव दिलं होतं, मुकासा. गावात तो त्याच नावाने ओळखला जायचा. नाम्बी त्याच्या चपला पळवायची आणि तो तिला कडेवर घेऊन पंपावर जायचा. परक्या घरात इतकं घरच्यासारखं वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं.

घरामागे जाजांची केळीची बाग होती. नीट राखलेली. पण स्वयंपाकघराच्या भिंतीलगत एक केळ अशी वाढली होती की मेल्विनला रोज दात घासताना ती दिसायची आणि हात शिवशिवायचे. मूळ झाड कलतं, बारकं. भोवती पिल्लांची दाटी. वाळकी पानं जमिनीवर लोळतायत. बाकी सगळी बाग एवढी स्वच्छ आणि ही एकच अशी का, असा प्रश्न पडायला हवा होता. तो पडला नाही. एके सकाळी जाजा मिस्साला गेल्या होत्या. त्यांना खूश करावं म्हणून मेल्विनने आजोबांचा कोयता काढला. मूळ झाडात दम नाही, म्हणून ते आडवं केलं. पिल्लं काढली. सगळ्यांचे तुकडे करून बाकीच्या केळींच्या बुडाशी खत म्हणून पसरले. मग हातपाय धुऊन शाबासकीची वाट बघत दारात बसला.

"ती नाम्बीची केळ होती, काकू," तो म्हणाला. त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तिकडच्या जुन्या घरांत मूल जन्मलं की त्याची वार, नाळेसकट, केळीच्या बुडाशी पुरतात. ती केळ मग त्या मुलाची. मुलाची जोडीदार म्हणायची. तिला कोणी हात लावत नाही. पहिला घड आला की आजीने तो घरच्यांबरोबर खायचा, मग मूल घराचं झालं. घड अजून यायचा होता."

जाजा परत आल्या, परसात गेल्या, आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. संध्याकाळी ताट नेहमीसारखं वाढलं. फक्त मुकासा म्हणायच्या बंद झाल्या. त्या दिवसापासून त्यांनी मेल्विनला पाहुणा म्हणायला सुरुवात केली. पुढच्या आठवड्यात नाम्बीला ताप आला. तिकडे हिवताप घरोघरी असतो, औषधाने तो उतरलाही. कापलेल्या केळीशी त्याचा संबंध नाही हे मेल्विनला माहीत होतं, जाजांनाही माहीत असावं. पण ताप होता तेवढे दिवस घरी येणारा प्रत्येक माणूस आधी पोरीकडे बघायचा आणि मग त्याच्याकडे.

"माफी मागितलीस?"

"खूप वेळा. जाजा म्हणाल्या, तू लहान आहेस, तुझ्या माफीचं मी काय करू? कापायला तुला कोणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या आजोबांनी. म्हणाल्या, मग त्यांना आण. तिकडे तसंच असतं. लहानाकडून चूक झाली की घरचं मोठं माणूस येऊन बसतं, बोलतं. मग संपलं."

"आणि नाही बोललं तर?"

"तर मी पाहुणा. पाहुण्याने कधीतरी जायचं असतं." त्याने शेंग सोलली. "दोन वर्षं झालीत. संस्था मला अजून पाठवायला तयार आहे. पण तिथले फादर म्हणाले, जाजांच्या घरी आधी मिटव, नाहीतर ह्या गावात तुला काम करता येणार नाही. मला तिथेच जायचंय, काकू. दुसरीकडे नाही."

इनासबाबांना त्याने आल्या आल्याच विचारलं होतं. विमानाने यायला नको, फोनवर दोन शब्द बोला. आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी कोणाचं काय बिघडवलं? पिल्लं काढायचीच असतात. ती बाय केळी लावते ना? तिला कळायला पाहिजे."

मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. एवढा ताठा कशाला, असं वाटून मी दुसऱ्या दिवशी सरळ वाडीत गेले. ते केळीला टेकू देत होते. मी बोलायला तोंड उघडलं, त्याआधी तेच म्हणाले, "मला माहीत आहे तू कशाला आलीस."

"मग बोला की दोन शब्द. काय जातंय तुमचं?"

त्यांनी टेकू नीट बसतोय का ते हलवून बघितलं. "फोन केला की हा जातो," ते म्हणाले. "नाही केला तर राहतो. मग हे सगळं बघायला कोणीतरी राहतं. हा गेला तर कोण बघणार? तू?"

माझा राग तिथेच विरला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा जड होतं. पोराचं कुठे चुकत होतं? आणि म्हाताऱ्याचं तरी कुठे चुकत होतं?

त्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. इनासबाबा नातवाशी बोलत नव्हते, पण त्यांना प्रश्न पडायला लागले. आणि ते प्रश्न ते मला विचारायला लागले. संध्याकाळी मेल्विन आमच्या ओट्यावर बसलेला असायचा, आजोबा कुंपणापलीकडे, दोघांच्यामध्ये दहा पावलांचं अंतर, आणि आजोबा मोठ्याने म्हणायचे, "राऊतांच्या सुने, ह्याला विचार, तिकडे शेणखत घालतात का?"

मी मान वळवून विचारायचे, "शेणखत घालतात का रे?"

"घालतात. पण गुरं कमी. पानं आणि सोपटंच जास्त."

"पानं आणि सोपटं जास्त म्हणतोय, बाबा."

"बहिरा नाही मी."

घड केवढा येतो. वाऱ्याने केळी पडतात का. पाणी कुठून देतात. पाणी द्यावं लागत नाही, पाऊस वर्षातून दोनदा येतो, हे ऐकून त्यांनी दोन दिवस काही विचारलं नाही. आम्ही इथे बावखलातून, म्हणजे वाडीतल्या तळ्यातून, पाणी उपसून कंबर मोडून घेतो आणि तिकडे देव फुकट देतो, ह्याचा त्यांना मनापासून राग आला होता. बागेत बायका काम करतात की पुरुष? बायका, असं उत्तर गेलं. "मग म्हणूनच स्वच्छ," ते म्हणाले. मला हा निरोप्याचा खेळ आवडायला लागला होता. माझे यजमान म्हणाले, तुला पगार द्यायला हवा.

एका संध्याकाळी त्यांचा प्रश्न आला नाही. मेल्विन ओट्यावर होता, मी तांदूळ निवडत होते. आजोबा कुंपणाला धरून नुसते उभे. मग म्हणाले, "राऊतांच्या सुने, विचार. ती पोरगी आता चालते का?"

मी मेल्विनकडे मान वळवली, पण ह्या वेळी त्याने मला मध्ये घेतलं नाही. तो उठला. "चालते, आजा," तो म्हणाला. "पडते पण."

इनासबाबांनी मान हलवली आणि आत गेले.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी अ‍ॅग्नेसने मला हाक मारली. मी गेले तर आजोबा विहिरीपाशी खुर्चीत बसलेले, मिस्साचा धुतलेला सदरा अजून अंगावर, डोक्यावर टोपी. "फोन लाव," ते मेल्विनला म्हणाले. मेल्विनने लावला. पडद्यावर आधी नाम्बीच्या आईचा चेहरा आला, मग फोन हलला, आणि एक सडपातळ म्हातारी बाई दिसली. मान ताठ, डोक्याला फडकं बांधलेलं, नजर सरळ. मागे केळीची पानं. दोघंही म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले.

जाजा बोलल्या. मेल्विनने मराठीत सांगितलं, "विचारतायत, तुमच्याकडे मूल जन्मलं की काय करता?"

मला वाटलं, आता आजोबा म्हणणार, बाप्तिस्मा करतो. पण ते खुर्चीचा हात धरून उठले, मेल्विनकडून फोन घेतला, तो उलटा धरला, मेल्विनने सरळ करून दिला, आणि ते दोन पावलं चालून विहिरीच्या बाजूच्या त्या मोकळ्या जागेपाशी गेले. पडदा जमिनीकडे केला.

"माझी नाळ इथे पुरली," ते म्हणाले. "सुईणीने. आई दाखवायची. इथे नारळ होता, तो वादळात गेला. मी इथे कोणाला कुदळ लावू देत नाही."

मी इतकी वर्षं त्या जागेकडे बघत होते. मेल्विन तर त्या जागेभोवती खेळून मोठा झाला होता. तो आजोबांकडे बघत राहिला आणि तिकडे जाजा काहीतरी विचारतायत हे त्याला ऐकूच आलं नाही. अ‍ॅग्नेसने त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे त्याने आजोबांचं बोलणं जाजांच्या भाषेत सांगितलं.

इनासबाबांनी फोन परत तोंडासमोर आणला. दुसऱ्या हाताने टोपी काढली. देवळाबाहेर त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच बघितलं. कपाळावर टोपीची कड उमटलेली होती आणि वरची कातडी लहान मुलासारखी गोरी होती. "बाय," ते म्हणाले, "कापायला मी शिकवलं. कोयता पण माझा. विचारायला शिकवायचं राहिलं. ह्याला ही जागा कधी सांगितली नाही, तर त्याला तुमची कशी कळणार? चूक माझ्या घरची आहे. मला माफ करा."

मेल्विन हे सांगताना दोनदा अडखळला. जाजा शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग त्यांनी मान किंचित झुकवली आणि म्हणाल्या, "जेबाले को."

मेल्विन मराठीत सांगणार, तेवढ्यात इनासबाबा म्हणाले, "कळलं मला." आणि फोनमध्ये म्हणाले, "तुमचे पण आभार. ह्याला सांभाळलंत."

त्यानंतर जाजा थोडं बोलल्या. त्यांची भाषा मला येत नाही, पण त्यात एक शब्द मला ओळखू आला. मुकासा. मेल्विनने मान फिरवली आणि विहिरीच्या कठड्याला धरून आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. पडद्यावर एक गोल चेहरा घुसला, त्याने आजोबांच्या टकलाकडे बोट दाखवलं आणि खदखदून हसला. इनासबाबांनी टोपी घातली.

मेल्विनचे कागद व्हायला पावसाळा गेला. त्या काळात इनासबाबा त्याच्याशी पुन्हा बोलायला लागले, म्हणजे पूर्वीसारखे ओरडायला लागले. राहणार असशील तर सांग, असं एकदाही म्हणाले नाहीत. वाडीचं काय, हा प्रश्न सुटला नाही, तो तसाच आहे. अर्धी वाडी त्यांनी शेजारच्या गावातल्या एका बागायतदाराला वाट्याने दिली. उरलेल्या अर्ध्यात दुपारी मी जाते. ह्या वयात मला कोयता धरायला शिकवतायत आणि मी पकडते तो त्यांना पसंत नाही. "एक ठेव, बाकी काढ," ते म्हणतात, आणि मी कोयता उचलला की पुढे जोडतात, "आधी विचार."

मेल्विन निघाला त्या दुपारी गाडी रस्त्यावर उभी होती. अ‍ॅग्नेस डोळे पुसत डबे भरत होती, वडील बॅगा चढवत होते. मेल्विन सगळीकडे फिरून आला होता. झाडूवाल्या बायका, नारळवाला, कोळीणबाय, सगळ्यांचे आभार मानून झाले होते. मावशीने ह्या वेळी त्याच्यासाठी पाणी मागितलं नाही, उलट त्याच्या खिशात सुक्या बोंबलाची पुडी कोंबली. मग तो आजोबांना भेटायला वाडीत गेला. मी कुंपणापाशी होते.

इनासबाबा विहिरीजवळच्या त्या मोकळ्या जागेत वाकले होते. ती जागा आता मोकळी नव्हती. मधोमध केळीचं एक पिल्लू लावलेलं होतं, चारी बाजूंना काठ्या रोवून सुतळी बांधलेली, बुडाशी ओली सोपटं. आजोबांनी ते कधी लावलं, मला माहीत नाही. आदल्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा नव्हतं. लावताना हिसका बसल्यामुळे त्याचं एक पान पिवळं पडून सुतळीवर लोंबत होतं.

मेल्विनचा हात सवयीने खिशाकडे गेला, आणि मध्येच थांबला.

"आजा, हे कोणाचं?"

इनासबाबांनी मागे वळून बघितलं नाही. ते ओंजळीने पाणी घालत होते. "त्या नाम्बीचं," ते म्हणाले. "हात लावू नको."

मेल्विनने वाकून आजोबांच्या खांद्यावर कपाळ टेकवलं, क्षणभर तसाच राहिला, आणि मग त्या पिवळ्या पानाला धक्का लागू नये म्हणून बाजूने वळसा घेऊन गाडीकडे गेला.